पप्पा अजून आत आलेले नाहीत

(न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर. शुक्रवारची संध्याकाळ. दिवाणखान्यातून गॅरेजमध्ये उघडणारं दार सताड उघडं.)

सॅमसन : पप्पा, तुमचा पाय उंबऱ्याच्या आत आलाय. मी उठतोय.

पप्पा : नुसती बोटं आलीत. बोटांसाठी कोणी उठत नाही. बस.

शोशना : सॅमसन, गुडघा बदललेल्या माणसाने उठाबशा काढायच्या नाहीत, डॉक्टरने बजावलंय.

सॅमसन : त्याला विचार, त्याचे वडील खोलीत आले की तो काय करतो.

शोशना : विचारलं. म्हणाला, टीव्हीचा आवाज कमी करतो.

पप्पा : चांगल्या घरचा दिसतोय.

सॅमसन : आपल्यात वडील आले की उभं राहायचं. ठाण्याला तुम्हीच कान पिळून शिकवलंत.

पप्पा : तेव्हा गुडघे तुझे होते.

शोशना : तुम्ही गॅरेजमध्ये जेवता, पप्पा. शेजारची नेत्रा विचारत होती, सासऱ्यांना बाहेर काढलं का.

पप्पा : काय सांगितलंस?

शोशना : म्हटलं, आमच्या ज्यू लोकांत म्हाताऱ्यांना फार मान.

सॅमसन : पप्पा, तुमची खुर्ची रिकामी ठेवलीय. कुणाला बसू देत नाही.

पप्पा : खुर्चीपर्यंत यायचं म्हणजे आत यायचं. मागे आलो तर उठलास नि टाका उसवलास.

शोशना : मेणबत्त्या लावून झाल्या. शब्बाथचा आशीर्वाद द्या आता.

सॅमसन : डोक्यावर हात ठेवून द्या. गेल्या शुक्रवारी गॅरेजमधून ओरडून दिलात, तो शेजारच्या सुशांतला लागला. सोमवारी त्याचं ग्रीन कार्ड आलं.

पप्पा : वाया तर नाही गेला. (थांबून) सॅमसन, वडिलांचं बोलणं खोडायचं नाही, हेही शिकवलं होतं ना?

सॅमसन : हो.

पप्पा : तू झोपलायस.

सॅमसन : पप्पा, मी कुठे...

पप्पा : खोडतोयस?

सॅमसन : नाही.

पप्पा : झोपलेल्याला उठायची सक्ती नाही. डोळे मीट. शोशना, झोपला?

शोशना : गाढ.

पप्पा : मग येतो.

सॅमसन : जपून. गालिचा दुमडलाय.

शोशना : माझा हात धरा, पप्पा. हं, हे त्याचं डोकं.

पप्पा : केस पिकले की याचे.

सॅमसन : पप्पा, हात किती गार पडलाय तुमचा.

पप्पा : लक्ष देऊ नको, शोशना. लहानपणापासून झोपेत बडबडतो.