मिलिंदची जपानी गायिका

आमच्या मिलिंदचं लग्न एका गाण्यापायी जमता जमता राहिलं, हे सांगितलंय का तुम्हाला? नेटवर त्याला कुणी जपानी गायिका सापडली होती आणि तेव्हापासून आपली सगळी गाणी त्याला भिकार वाटायला लागली होती. इंदिरानगरला मुलगी बघायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. मुलीनं आवडीनिवडी विचारल्या, तर ह्यानं पोह्यांची बशी बाजूला सारून मोबाइलवर तेच गाणं लावलं.

"भाषा कळत नाही," डोळे मिटून म्हणाला, "पण बाईनं किती सोसलंय ते आवाजात कळतं. प्रेमभंगच असणार."

मुलगी पुण्यात जपानी शिकलेली. ती म्हणाली, "अहो, ही बाई नाहीये. शब्द आणि सूर भरले की कॉम्प्युटर असा गातो. आणि गाणं कांदा चिरण्यावर आहे."

तिच्या वडिलांना ठसकाच लागला. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. मिलिंद मात्र गाणं संपेपर्यंत मान डोलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी नकार आला. मी त्याची समजूत घालायला गेलो, तर म्हणाला, "सुटलो रे. मुलगी हुशार होती, पण तिच्यात भावनाच नव्हत्या."