चाकाला लावलेला वरवंटा

ऐका. मधे कुणी उठायचं नाही. कंदील जरा जवळ घ्या. ही गोष्ट मला गोरखनं स्वतः सांगितली. माझ्याकडून काही निसटलं तर ते माझं म्हातारपण समजा.

गोरख डुंबरे, पिकअपवाला. बायको माहेरी, मोरदरी घाटाच्या पलीकडं. पोरगी झाली होती. यानं अजून तिचं तोंडही पाहिलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी बारसं. पाळणा याच्या घरून जायचा होता, आणि सुतारानं उशीर केला. पाळणा चौकटीसकट गाडीत चढला तेव्हा दिवस मावळून गेला होता.

आईनं पाळण्यात वरवंटा ठेवला. म्हणाली, "रिकामा पाळणा हलू नये रं. पोर निजेपर्यंत हाच त्यात निजंल. वाटंत काढू नको."

"आये, दगडाला दूधबी पाजू का?" म्हणून हा हसला. हसला बिचारा!

घाटातलं तिसरं वळण माहीत आहे ना? तिथं मागं एक ट्रक ड्रायव्हर गेला. ट्रक नुसता जॅकवर, आणि हा खाली. जॅक सरकला. संपलं. तो अजून तिथंच असतो. म्हणजे, असं म्हणतात. मी छातीवर हात ठेवून कसं सांगू?

बरोबर त्या वळणावर गोरखचं मागचं चाक बसलं. फुस्स! रस्ता चढाचा. मागं उतार, उताराखाली दरी.

गोरख कामात कच्चा नव्हता. हँडब्रेक ओढला. गिअरमध्ये टाकली. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. जॅकखाली फळी घातली. पुढच्या चाकामागं दगड लावायचा म्हणून शोधायला लागला.

दगड नाही! घाटात दगड नाही, ऐकलंय कधी? बॅटरी फिरवली. इकडं नाही. तिकडं नाही. अंगण झाडल्यासारखा रस्ता. एक खडासुद्धा नाही.

आता ऐका, इथं चुकला. पाळण्यातला वरवंटा काढला आणि चाकामागं लावला. अहो, गोल दगड! तो चाक अडवणार की घरंगळणार? पण पोरीच्या ओढीनं घाई झाली होती.

जॅकचा दांडा मारला. एक, दोन, तीन. गाडी उचलली. चाक काढलं. नट उताण्या टोपीत ठेवले. आणि मागून आवाज आला.

कुई... कुई...

वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. रिकामा पाळणा झुलत होता! आधी हळू. मग जोरात. पाळण्याबरोबर गाडी डुलायला लागली, आणि गाडीबरोबर जॅक.

टोपी उलटली. चार नट पायाशी पडले. पाचवा गडगडत गाडीखाली गेला.

"गोरखदादा," गाडीखालून कुणीतरी म्हणालं, "नट हितं हाय. ये की आत. जॅक हाय ना!"

एकच हाक. गोरखनं ओ दिली नाही. पण गुडघे टेकले! नटाशिवाय पुढं जायचं कसं? मान वाकवली आणि त्याला गाडी शिकवणाऱ्या उस्तादाचं बोलणं आठवलं: "बाळा, जॅक गाडी उचलतो. धरत नाही." त्यानं काढलेलं चाक आडवं करून चासीखाली, गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली सरकवलं.

मग गाडीखालून तान्हं बाळ रडलं. टँहा! टँहा!

सांगा, बाप कसा थांबेल? गोरखचा हात आत गेला. पुढच्या चाकामागचा वरवंटा घरंगळला. गाडी मागं हलली. जॅक कलंडला. धाड्!

गाडी आडव्या चाकावर बसली. हात आणि लोखंड यांच्यामध्ये बोटभर जागा होती. बोटभर! हात ओढून घेताना मनगटाची साल निघाली.

"चाक घातलंस व्हय रं?" खालचा आवाज पुटपुटला. "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

गोरख रांगत गेला. उतारावर, खाचेत अडकलेला वरवंटा उराशी धरून आणला, पाळण्यात ठेवला, आणि बायका बारशाला म्हणतात तसं म्हणाला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." पाळणा थांबला. कुई नाही. बाळ नाही. बॅटरी मारली, तर रस्त्याच्या कडेला दगडच दगड!

त्यानं दोन चांगले चौकोनी दगड चाकामागं ठोकून बसवले. जॅक फळीवर पुन्हा उभा केला. स्टेपनी चढवली, चार नट आवळले. पाचवा शोधायला वाकला नाही. बैलगाडीच्या चालीनं घाट उतरला.

सकाळी बारसं. पोरीला पाळण्यात घातलं तर ती रडायला लागली. थांबेचना. सासूनं गादीखाली हात घातला.

"जावईबापू, पोरीच्या अंगाखाली हे काय ठेवलंत?"

पाचवा नट. ग्रीस ओलं.

म्हणून सांगतो, पोरांनो, दिवस मावळल्यावर मोरदरीची वाट धरू नका. दुसरा रस्ता लांबचा आहे, असू दे. आणि कुठंही गाडी जॅकवर असली, की खालून तुमचं स्वतःचं लेकरू रडलं तरी हात आत घालू नका.

चला, झोपा आता. ...कोण हलवतंय रं तो झोपाळा?