नमुन्याचं पाणी

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आरमोरीकडच्या एका गावात अर्ध्या लोकांचे गुडघे धरलेले आणि पोरांच्या दातांवर तपकिरी डाग. बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड असणार, असा आमच्या डॉक्टरीणबाईंना दाट संशय. त्यांचा अभ्यास चालू होता आणि पाण्याचे नमुने आणायचं काम माझ्याकडे होतं. मी दारोदारी जाऊन म्हणायचो, "बाई, थोडं पेयाचं पानी द्या जी." माणसं इतकी चांगली, की गडवा घासून, भरून द्यायची.

तपासलं तर एकूण एक बाटली चांगली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर तू."

पुन्हा गेलो. पहिल्याच घरातली म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली आणि दारातला भरलेला हंडा सोडून आत गेली. कोपऱ्यातल्या झाकलेल्या माठातून तिनं पाणी आणलं.

मी विचारलं, "बाई, हे कुठलं पानी?"

"पल्याडच्या गावच्या विहिरीचं. सून आनते डोक्यावर. सगळ्याच घरी ठेवतेत."

"अन् हंड्यातलं?"

"थे बोरिंगचं. आमी थेच पेतो. पावन्याले कोनी बोरिंगचं पानी देते का, भाऊ?"

"पन विहिरीचं चांगलं आहे, तं तुमी काऊन नाई पेत?"

म्हातारीनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"आमी काय पावने आहो?"