एवढीशी घाई

…नाही नाही, असं उभ्या उभ्या नका बोलू, आधी बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो — ती घ्या, ड्रमशेजारची. आणि पेटी ठेवा खाली, ट्रम्पेट काही आतून पळून जात नाही. कशाला आलात ते कळलंय मला. बावीस वर्षं या शाळेच्या बँडला शिकवतोय — आईवडील वाद्याची पेटी घेऊन एकटे आले, बरोबर मूल नाही, म्हणजे काय ते समजायचं. थांबा हो, मला बोलू द्या, मग तुम्ही बोला. मी स्वतःच तुमच्याकडे येणार होतो. आज नाही तर उद्या — खरं तर परवाच येणार होतो, निघालोही होतो, तुमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यापर्यंत आलो नि परत फिरलो. का ते विचारू नका. बारा दिवस झाले तुमची लेक सरावाला आली नाही. तीन वर्षांत एक गुरुवार चुकवला नव्हता पोरीनं! पायाला प्लास्टर होतं तेव्हासुद्धा कुबडी भिंतीला टेकवून वाजवायची. तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता ना? तिनंच सांगितलं होतं — माझे बाबा लिफ्टच्या डोक्यावर उभे राहून काम करतात — केवढा तोरा होता सांगताना. सगळे तिला भोंगा म्हणतात, माहीत आहे ना? चिडवून नाही, प्रेमानं म्हणतात. एवढीशी मुलगी आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरची गणिताची बाई खिडकी लावून घ्यायची.

तर हे जे झालं ना, ते सगळं त्या पाहुण्यांमुळे झालं. मी स्पष्टच बोलतो. पाच जण आले होते, मोठ्या वाद्यवृंदातले, तीन दिवस मुलांना शिकवायला. मुख्याध्यापिका तर आठवडाभर आधीपासून हवेत — अमुक येणार, तमुक येणार, या खोलीचे पडदे बदलून घेतले! मी सहा वर्षं मागत होतो पडदे. उन्हात पितळ तापतं, सूर वर चढतो, तर नाही म्हणे, पडद्यांचं नंतर बघू. पाहुणे येणार म्हटल्यावर दोन दिवसांत पडदे! बरं, ते जाऊ द्या. त्या पाचांत एक ट्रम्पेटवाली होती. तिशीची असेल, नसेल. केस कापलेले, कॅनव्हासचे बूट, आल्या आल्या टेबलावर चढून बसली. टेबलावर! आणि पहिल्या तासाच्या आत सगळी मुलं तिला ताई म्हणायला लागली. मी बावीस वर्षं सरच आहे. कुणी काका म्हटलं नाही की दादा म्हटलं नाही, तशी माझी अपेक्षाही नाही — पण एका तासात ताई? तुम्हीच सांगा.

शिकवत काय होती? सांगतो ना. मुलांना जमिनीवर आडवं केलं. गणवेशात, या धुळीत, उताणं. प्रत्येकाच्या पोटावर एकेक जाडं पुस्तक — आणि म्हणे पुस्तक वर उचला, पोटानं, श्वासानं. मी मनात म्हटलं, चाललंय काय? मीही श्वासच शिकवतो. तीन वर्षं तुमच्या लेकीला सांगतोय, खांदे उचलू नकोस, खालून घे, खालून. जसं काही भिंतीशी बोलतोय. आणि ही बाई पुस्तक ठेवते काय, पोरगी दहा मिनिटांत उठते काय, ट्रम्पेट ओठाला लावते काय — आणि तो सूर! तुम्ही नव्हता. गोल, भरलेला, कडा नसलेला सूर, संपता संपेना. आडवी पडलेली सगळी मुलं उठून बसली. तुम्हाला वाटेल, सरांना किती आनंद झाला असेल. लोक विचारतात ना, शिष्य पुढे गेला की गुरूला काय वाटतं? मी सांगू काय वाटतं? पोटात दुखतं. खरंच दुखतं, इथं, बरगडीखाली. कारण तो सूर माझा होता. म्हणजे मी पेरलेला. आणि उगवला तिच्या हाताखाली, तेही दहा मिनिटांत!

नाही, ती चांगली होती, तसं नाही म्हणत मी. वाईट असती तर बरं झालं असतं. उद्धट असती, मला तुच्छ लेखलं असतं, तर मी रात्री नीट झोपलो असतो. ती मला प्रत्येक वेळी विचारायची — सर, हे करू का, सर, तुमची हरकत नाही ना. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मला म्हणाली, तुमच्या मुलांचे कान फार तयार आहेत, सर, हे कुठंच बघायला मिळत नाही. मी थँक्यू म्हटलं आणि मनात म्हटलं, कीव करतेय. आणि मग तिनं विचारलं, तुम्ही स्वतः काय वाजवता? सगळी मुलं बघायला लागली. कारण कुणी मला वाजवताना ऐकलेलंच नाही ना! मी ट्रम्पेटच वाजवायचो, साहेब. चांगला वाजवायचो. जिन्यावरून पडलो, पुढचे दोन दात गेले — हे दिसतात ते बसवलेले आहेत — यांच्यावर जोर देऊन फुंकताच येत नाही, हवा कडेनं फुसकन निघून जाते. तेव्हापासून मी तोंडानं गाऊन दाखवतो, टाळ्या वाजवून दाखवतो, हातवारे करतो. आणि ती? ती नुसता ट्रम्पेट उचलते आणि म्हणते, असं. बस्स. असं. त्या एका ‘असं’पुढे माझी बावीस वर्षांची बडबड काय टिकणार? काही नाही, म्हटलं, मी आता फक्त शिकवतो. ‘फक्त’ म्हणालो मी. माझ्याच तोंडानं.

काय? हो, कार्यक्रमावर येतोच आहे. तुम्ही होतात ना शनिवारी, मागच्या बाजूला उभे होतात, कामाच्या कपड्यांत. बघितलं मी. मग तुम्ही ऐकलंच. त्या संथ गाण्यात मधला तुकडा तुमच्या लेकीचा — ती एकटी वाजवते, बाकीचे मागे हलका ठेका धरतात. मिनिटभराचा तुकडा, पण श्वासाचा खेळ आहे सगळा. तालमीत ती बाई मला म्हणाली, मुलांसमोर म्हणाली — सर, इथं तुम्ही तिच्या मागे जा, ती श्वास घेईल तेवढं थांबा. मी? ताल देणारी छडी माझ्या हातात आणि मी तेरा वर्षांच्या मुलीच्या मागे जायचं? पण बरोबर होतं त्या बाईचं. शंभर टक्के बरोबर होतं, म्हणून तर जास्त लागलं. मी मान डोलावली. तालमीत थांबलोही. झकास झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या — त्या बाईकडे बघून.

तर शनिवारी — हॉल भरलेला, पाहुणे तिसऱ्या रांगेत, पहिली दोन गाणी ठीक झाली. मग हे. तिचा तुकडा आला. ती उभी राहिली, पाय थोडे फाकवून, त्या बाईनं शिकवलं तसं. आता तीन वर्षं काय व्हायचं, सांगतो. वाजवण्याआधी ती माझ्याकडे बघायची. एकच क्षण. भुवया अशा वर — सर, करू सुरू? — आणि मी छडीनं हो म्हणायचो. प्रत्येक वेळी. वर्गात असो, स्पर्धेत असो. माझं म्हणून काय आहे हो या बँडमध्ये? वाद्यं शाळेची, मुलं तुमची, टाळ्या मुलांच्या. माझा तो एक क्षण होता. आणि शनिवारी तिनं ट्रम्पेट उचलला आणि बघितलं — तिसऱ्या रांगेत. त्या बाईकडे. ती बाई हसली, मान हलवली, आणि हिनं सुरू केलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

…हॉलमध्ये उकडत होतं, हे खरं आहे. मुलं दमली होती, हेही खरं. तुम्हाला काय सांगितलं तिनं? घरी? …श्वास पुरला नाही म्हणाली? एवढंच? माझाच श्वास पुरला नाही, असं? …आणखी काही नाही? माझं नाव — नाही घेतलं?

बघा. बघा, अशी आहे ती.

पाणी घ्या ना. नको? मी घेतो. …तिचा श्वास पुरला असता, साहेब. मी पुरू दिला नाही. आता तुम्ही लिफ्टवाले, तुम्हाला एका इंचाचं महत्त्व सांगायला नको. मजल्याच्या एक इंच खाली लिफ्ट थांबली तरी माणूस अडखळतो. मी छडी एवढीशी घाईत नेली. एवढीशी. बघणाऱ्याला कळणार नाही. पहिल्या ओळीनंतर तिला थांबायचं होतं, मी थांबलो नाही. मागचा ठेका पुढे गेला, ती धावत आली. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा तेच. तिसऱ्या ओळीला वरचा सूर आहे, तो रिकाम्या छातीनं लागतच नाही. फाटला. भर हॉलमध्ये फाटला. मागून पोरं हसली. तिनं ट्रम्पेट खाली केला, आणि उरलेलं सगळं बँडनं नुसतंच पुं-पुं करत काढलं, मधलं गाणं नसलेलं. आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? वाईट वाटलं असेल म्हणता? मला वाटलं — बघ आता ‘असं’. ऐकताय ना? पोरगी रडवेली उभी आहे आणि मी तिसऱ्या रांगेकडे बघून म्हणतोय, बघ आता.

मुद्दाम केलं का? मी स्वतःला सांगितलं, हात गेला. हात कसा जाईल? बावीस वर्षं तो हात माझंच ऐकतोय.

त्या बाईला कळलं असेल की नाही, देव जाणे. जाताना माझ्यापाशी आली, म्हणाली, तिला तुम्हीच सावरा, सर, तुमचंच ऐकेल ती. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. पण तुमच्या लेकीला कळलं. शंभर टक्के. सगळे गेल्यावर ती इथं पेटी भरत होती. सूर फाटल्यावर मुलं रडतात, आदळआपट करतात. ही शांत. कडी लावली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, “सर, पुढच्या वेळी मी तुमच्याकडे बघेन.” बस्स. टोमणा नव्हता हो त्यात! टोमणा असता तर मी पेलला असता. ती खरंच सांगत होती — चूक माझी झाली, मी तुमच्याकडे बघायला हवं होतं. तेरा वर्षांची मुलगी मला समजून घेत होती! आणि मी काय म्हणालो? ठीक आहे म्हणालो. ठीक आहे! आणि मग गुरुवारी ती आली नाही. पुढच्या गुरुवारी आली नाही. आणि आज तुम्ही, ही पेटी घेऊन. म्हणून म्हणतो, तिला सोडू देऊ नका. मला दुसऱ्या शाळेत जा म्हणा, मुख्याध्यापिकेकडे तक्रार करा, मी सही करून देतो, पण ट्रम्पेट—

काय?

कांजिण्या?

…बारा दिवस कांजिण्या? पण मला कुणी — वर्गशिक्षिकेकडे चिठ्ठी दिली होती? आली नाही माझ्यापर्यंत. इथं कुणी येतच नाही काही सांगायला. म्हणजे ती सोडत नाहीये? मग ही पेटी कशाला परत आणलीत? …दुसरा आलाय? दुसरा म्हणजे — विकत? …कुणी पाठवला?

…हं.

तिचा स्वतःचा जुना. त्या बाईनं. खोक्यात घालून, पोस्टानं. आत चिठ्ठी पण असेल. …असणारच. काय लिहिलंय ते नका सांगू. नको म्हटलं ना. कुठल्या बनावटीचा आहे? …चांगला आहे तो. फार चांगला आहे. मी तसा एकदाच हातात धरलाय. पोरीच्या आवाजाला शोभेल. …शोभेल, दुसरं काय म्हणू?

म्हणजे तुम्ही नुसते हे वाद्य जमा करायला आला होता. आणि मघापासून तेच सांगायला बघत होता. आणि मी — असे नका बघू माझ्याकडे. ओरडा हवं तर. दोन शब्द बोला. …सही कुठं करायची म्हणता? बरं. मग हे रजिस्टर, इथं तारीख टाका आणि इथं सही करा. अहो, पेन उलटं धरलंय तुम्ही. द्या, मी लिहितो तारीख. तुम्ही नुसती सही करा.

झालं. निघा तुम्ही.

आता काय राहिलं? …तिनं विचारायला सांगितलंय? गुरुवारी येऊ का, म्हणून? डाग अजून गेले नाहीत तोंडावरचे, तर चालेल का, म्हणून? हे तुम्ही आत्ता सांगताय मला? एवढं सगळं ऐकल्यावरही सांगताय? …तिनं सांगितलंय म्हणून. हो. तिनं सांगितलंय म्हणून.

तिला म्हणावं — नाही, तुम्ही काही म्हणू नका. जे म्हणायचं ते मी म्हणेन, बाकीची मुलं यायच्या आत, तिच्या तोंडावर. तुम्ही एवढंच सांगा, साडेतीनला सराव आहे, तिनं तीनला यावं. आणि नवा ट्रम्पेट आणावा. आणावा म्हटलं ना, मी ऐकेन. या आता. या. आणि दार ओढून घ्या.