नेमका किती धूर

मंचरच्या पंपावर धूर तपासायच्या रांगेत माझ्यापुढं एक जुनी जीप होती, बैलांनी ओढत आणलेली. तपासणारा मालकाला विचारत होता.

“पावणं, बैलं कशाला जुंपली?”

“धूर व्हायलाच नको म्हणून. सकाळपास्नं इंजिन चालूच केलं न्हाई.”

“मग मी मोजू काय? चालू करा, तापू द्या.”

“तापली की धूर येतो, भाऊ.”

“येऊ द्या. तोच मोजायचाय.”

“नाक्यावरचा पोलीस कागदाबिगर गाडी सोडंना. उद्या लेकीला बाळंतपणाला आणायचंय.”

“धूर बघितल्याबिगर कागद मिळत न्हाई.”

“मागल्या खेपंला धूर लई म्हणून परत धाडलं. आज धूर न्हाई म्हणून अडवता. नेमका किती आणू, तेवढं सांगा.”