मेलेली मावशी पहिल्या रांगेत

...बस रे, रिकामीच आहे खुर्ची — आणि थट्टा नाही करत, खरंच मीच ती कवितेतली मावशी. वारलेली. असा बघू नकोस, हात लावून बघ, गरम आहे! नाव मृणालिनी. इथेच वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात भूल देते लोकांना. आणि आज वाचणार ती स्वरांगी — माझी सख्खी भाची. तू तिच्यासाठी ब्लँचर्डस्टाउनहून गाडी हाणत आलास? धन्य आहेस बाबा.

न्यू जर्सीत जन्मली. इंजिनिअरिंग अर्धं टाकून कविता करते म्हणाली, तेव्हा माझ्या बहिणीनं अंथरूण धरलं. मग पहिलं पुस्तक — अख्खं बापाच्या घोरण्यावर! अमेरिकेनं बक्षीस दिलं. दुसरं आईच्या डाएटवर — लगेच विद्यापीठात नोकरी. घरात कोणी शिंकलं की हिची कविता, आम्ही तिच्यासमोर भांडायचंसुद्धा सोडलं. आता पंधरा दिवसांपूर्वी नेटवर ही नवी आली, त्यात मला मारलं. मारलं ते मारलं, वर डोक्यावर कावळा बसवला — मी काय पिंड आहे? गावोगाव वाचत फिरतेय, लोक टिश्यू घेऊन येतात म्हणे. मी ठरवलंय, कविता सुरू झाली की उभं राहायचं आणि म्हणायचं, 'आय अ‍ॅम ग्रँड, थँक्स' — इथल्या बोलीत, मी ठणठणीत आहे. होऊ दे शोभा. फोन नाही, मेसेज नाही, आणि एकदम श्राद्ध?

राग? छे. म्हणजे आहेच. सोमवारी ऑपरेशन आहे माझं — जाऊ दे, तुला कशाला सांगतेय. गाठ आहे. गेल्या महिन्यात कळलं. दुसऱ्याला टेबलावर झोपवणं वेगळं रे, स्वतः झोपायचं म्हटलं की... भीती वाटते. खूप वाटते. स्वरांगीला नाही कळवलं. फक्त बहिणीला सांगितलं, तेही शपथ घालून. तिच्या पोटात काही राहत नाही ना.

काय? कावळाच का? अरे, ती गंमत मीच तिला सांगितलेली, सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा. आमच्या आजोबांना साताऱ्यात कावळा शिवला. शिवला की मरण येतं म्हणे — मग ते टळावं म्हणून काय करायचं? माणूस मेल्याची खोटीच बातमी नातेवाइकांना कळवायची. सगळे मनापासून रडले, की अरिष्ट टळलं! तार गेली, आत्या गळा काढत आल्या, आणि म्हातारा पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना छळत जगला. मी डॉक्टर, माझा कुठला विश्वास — पण ही पोरगी डोळे एवढाले करून ऐकायची, पुन्हा पुन्हा सांग म्हणायची, आणि...

थांब. बहिणीला सांगितलं गेल्या महिन्यात. कविता आली त्यानंतर.

अगं बाई!

म्हणजे ही कार्टी गावोगाव हॉल भरभरून लोकांना — माझ्यासाठी रडवत फिरतेय?

श्श, आली. किती वाळलीय पोरगी... तीच कविता काढली बघ. इकडे बघतेय. नाही, नाही उठत मी. सरक जरा, तुझ्यामागे लपू दे. आणि तू काय माझ्या तोंडाकडे बघत बसलायस? टिश्यू घे. रड.