म्युझियममधलं दुकान

—काढ की फोटो, थांबलास का? मी बघितलं म्हणून? अरे काढ, फावडं काही लाजत नाही. समोरून काढ, मागून काढ, किमतीची चिठ्ठी नीट येऊ दे त्यात. मग घरी जा, सोफ्यावर पाय पसर आणि हेच फावडं फोनवरून मागव. येईल खोक्यातून, चार-सहा दिवसांनी. तोवर बर्फ थांबेल तुझ्या दारात — आमच्याकडचा बर्फ फार सभ्य आहे, माणसाची सोय बघून पडतो. आणि ते दार आधी लाव. पूर्ण. खटका वाजला पाहिजे. ऊब बाहेर जाते, सरोवरावरून वारा सुटलाय सकाळपासून. — हां. आता बोल, काय हवंय? नुसतं बघतोयस. वाटलंच. हल्ली सगळे नुसतं बघायलाच येतात. मग तिकीट लावतो ना दाराशी! हसू नकोस, लावलंय लोकांनी. तिकडे शहरात लहान मुलांचं म्युझियम आहे, त्यात दुकान मांडून ठेवलंय. दुकान! एका दालनात त्या केसाळ हत्तीचा सांगाडा, जगातून नाहीसा झालेला तो — आणि भिंतीपलीकडच्या दालनात काउंटर, फळ्या, गल्ला, लाकडी हातोड्या, प्लास्टिकची केळी. वर पाटी काय, तर 'पूर्वी लोक असं सामान आणत'. पूर्वी! मी आदल्याच संध्याकाळी असंच सामान विकून, कुलूप लावून, घरी जाऊन जेवलो होतो रे. आणि हे मला सांगतायत, पूर्वी!

नातीला घेऊन गेलो होतो. आयली. पाच वर्षांची आहे. क्रिस्टाने, माझ्या मुलीने, ठरवलं — बाबा, चला, हवापालट होईल तुमचा. माझा हवापालट! पोरीला म्युझियम दाखवायचं म्हणून मी निघालो, नाहीतर शनिवारी दुकान सोडून जाणारा माणूस नाही मी. शनिवारी आयली इथेच असायची. त्या तिथे, खिळ्यांच्या पिंपाशेजारी, तिचं स्टूल आहे बघ. वायसर वेगळे करायची, लहान-मोठे, रबराचे, पितळेचे. हिला वाचायला शाळेने नाही शिकवलं, दारावरच्या त्या पाटीने शिकवलं. पहिला शब्द 'उघडे', दुसरा शब्द 'बंद'. तिच्या आजीने शिकवले, उचलून घेऊन, काचेपाशी उभी करून —

— बाहेर निळी गाडी थांबली का रे? समोर, बेकरीपाशी? नाही? काही नाही, सहज विचारलं.

तर सांगत काय होतो, दुकान म्हणजे काय हे त्या म्युझियमवाल्यांना कोणी सांगितलं? दुकान म्हणजे फळ्या नव्हेत. माझे वडील — बाहेरच्या पाटीवर कोसकेला हे आडनाव लिहिलंय, ती त्यांची पाटी, मी रेनो, मी फक्त रंग देतो तिला — माझ्या वडिलांच्या वेळी खाणीवरचा एक माणूस एक स्क्रू घ्यायला आला. एक! दाराची कडी ढिली झाली म्हणून. तेवढ्यात असं वादळ सुटलं की समोरची बेकरी दिसेना. तो इथेच राहिला, दोन रात्री, त्या शेगडीपाशी, रंगाच्या डब्यांना टेकून. आईने मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या भाजून दिल्या, वडिलांनी पत्ते काढले. वादळ थांबलं, माणूस गेला, आणि स्क्रू इथेच काउंटरवर! विसरला! पण त्यानंतर मरेपर्यंत त्या माणसाने दुसऱ्या दुकानात खिळासुद्धा घेतला नाही. आता हे कसं ठेवणार काचेत? ठेवा की, स्क्रू ठेवा, खाली चिठ्ठी लावा! — आणि कॉफी. आमच्याकडे गिऱ्हाईक आत आलं की आधी कप, मग कामाचं बोलणं. काउंटरच्या त्या टोकाला भांडं गरम असायचं, शेजारी वेलदोड्याचा पाव, माझ्या हेल्मीच्या हातचा. पाव खाल्लेला माणूस रिकाम्या हाताने दाराबाहेर पडत नाही, हा धंदा तिला माझ्याआधी कळला होता. — नाही, आता नाही मिळणार. बंद केली कॉफी. वसंतापासून. अरे, बायको गेली माझी, कोण करणार? असू दे, असू दे, तू काय करणार त्याला. भांडं त्या फळीवर उपडं आहे, तिथेच बरंय ते.

आयलीने त्या म्युझियमात ते दुकान पाहिलं मात्र — सांगाडा नको, पोस्ट ऑफिस नको, आगीचा बंब नको, सरळ काउंटरच्या आत! ॲप्रन घेतला, दोरी मागून पुढे आणून पोटावर गाठ मारली, कारण दुकानदार गाठ पुढे मारतो, हात लागला पाहिजे ना. गल्ला कोपराने लावला. कोपराने! माझ्यासारखा! माझी छाती अशी फुगली, शेजारी कोणाचे तरी वडील उभे होते, त्यांना म्हटलं, ती माझी नात, चौथी पिढी. ते म्हणाले, वा. मग एक पोरगा आला. त्याच्या हातात लाकडाचा खोटा फोन, कुठल्या तरी खेळातला. फळीसमोर धरून टिचिक टिचिक करायला लागला. आयलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि असा आवाज लावला, असा लावला — "ए! फोटो काढायचा नाही! घ्यायचं तर घे, नाहीतर दार लाव आणि नीघ! ऊब जाते!" दार नव्हतंच तिथे, दोन खांब नुसते, वर कमान. पण त्या पोराने घाबरून हवेतच दार लावलं आणि पळाला! मी हसलो. खरं सांगतो, मी पोट धरून हसलो. मग दोन मुली आल्या, टोपल्या घेऊन. काय घेणार? म्हणे, नुसतं बघतोय. आयली म्हणते, "बघायचंय? मग म्युझियमला जा!"

त्यातली मोठी म्हणाली, "हे म्युझियमच आहे."

माझ्याकडे काय बघतोस? मीच म्हणतो तसं गिऱ्हाइकांना. म्हणतो, तोंडावर म्हणतो! मग काय आरती करू फोटो काढणाऱ्यांची? पाइप कसा जोडायचा ते अर्धा तास मला विचारायचं, माझ्या पेन्सिलीने माझ्या कागदावर आकृती काढून न्यायची आणि पाइप मागवायचा भलतीकडून! हेल्मी असताना मी बोलत नव्हतो. बोलायला लागलो की ती कप पुढे सरकवायची, गिऱ्हाइकाच्या नाही, माझ्या. तोंडात घोट असला की माणूस बोलत नाही. हुशार बाई होती.

तर तिथे गिल्ला झाला. त्या मुलींची आई आली, म्हणे सगळ्यांनी मिळून खेळायचं असतं. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेली तिथली एक बाई आली, वाकून, गोड गोड आवाजात, "राणी, आपल्या दुकानात सगळ्यांचं स्वागत असतं, हो ना?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही किती दुकानं चालवलीत? ही दुकानात रांगलीये. हिला शिकवू नका. त्या म्हणाल्या, "आजोबा, खेळ आहे तो." मी म्हटलं, तुमचा असेल! त्यांनी बाकीच्या मुलांना गोळा केलं आणि नेलं पोस्ट ऑफिसात, पत्रांवर शिक्के मारायला. गेली सगळी. रिकामं झालं दुकान. मी अजून तणतणतोय, त्या आईला ऐकवतोय, आणि मागे बघतो तर आयलीने पाटी उलटी केलेली. होती ना, तिथेही पाटी होती, दोरीला लटकवलेली. 'बंद' पुढे. मग तिने एक खोकं ओढलं, काउंटरकडे पाठ करून त्यावर बसली, ॲप्रन सोडला, गोळा केला आणि असा — असा नाकाशी धरला. दोन्ही हातांनी.

मला वाटलं रुसली. म्हटलं, आयली, चल बाळा, ती माणसं मूर्ख आहेत, रडू नकोस. ती म्हणाली, "मी नाही रडत. मी खेळतेय." म्हटलं, काय खेळतेयस? "दुकान." अगं, हे कसलं दुकान? तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही एवढी साधी गोष्ट मला कशी कळत नाही. "आता दुपार झालीये ना, आजोबा. दुपारी पाटी उलटायची आणि आजीचा ॲप्रन घेऊन बसायचं."

— सर्दी असते मला. दुपारी जास्त. रंगाचं, थिनरचं, सगळं नाकात जातं, मग माणूस जे हाताला येईल ते धरतो नाकाला. फडकं काय, ॲप्रन काय. तो मागे खुंटीवर आहे म्हणून. आणि ती तर पुढे वायसर निवडत असायची! मला वाटायचं पुढे आहे! मुलांना एवढं बारीक दिसतं तर मग पलीकडचा हत्तीचा सांगाडा का नाही दिसत? त्यासाठी तिकीट काढलं होतं ना! मूळ चूक त्या म्युझियमचीच. मुलांना दुकान खेळायला द्यायचंच कशाला? हाडं दाखवा, दगड दाखवा, पाठवा घरी!

आणि क्रिस्टा मागे उभी. हातात मुलीचं दूध. कधीपासून उभी होती देव जाणे. गाडी काढली, घाट ओलांडला. माझ्या दाराशी उतरवलं आणि मग म्हणाली, "बाबा, शनिवारी तिला दुकानात नाही आणणार आता." मी म्हटलं, का? मी खातो का तिला? "तुम्ही तिच्यासमोर माणसं हाकलता आणि मग अंधारात बसता. ती तेच शिकतेय." मग अट. माझ्याच दुकानात मला अट! "मी शनिवारी बेकरीत पाव घ्यायला येतेच. समोरून दिसतं सगळं. पाटी सरळ असेल, आत चार माणसं असतील, तुम्ही त्यांच्याशी धड बोलत असाल, तर आयलीला पाठवीन आत. एकटे असलात तर तशीच पुढे जाईन." जा म्हटलं! गेली. तेव्हापासून दर शनिवारी येते, थांबते, पाव घेते, जाते. पोर मागच्या काचेला नाक लावून पाटी वाचत असते. मी पाटी सरळ ठेवतो रे. पाटी ठेवीन. पण चार माणसं कुठून आणू? एक येतं, तेही फावड्याचे फोटो —

थांब. थांब, थांब. ती बघ. निळी.

कुठे निघालास? अरे कुठे निघालास! उभा राहा. दाराकडे नको, इकडे, काउंटरपाशी, काचेतून दिसेल असा. फावडं घे हातात. घे, तुला लाकडी दांड्याचं बरं पडेल, प्लास्टिकचा दांडा थंडीत तडकतो — हे खरं सांगतोय, उगाच नाही. मान हलव. हां. मागे वळून बघू नकोस! क्रिस्टा उतरली, बेकरीत गेली. पोर आत आहे. काचेला नाक. — थांब, हे भांडं... धूळ किती बसलीये. हा कप घे. रिकामा आहे, माहितीये मला, पी तू! उचल, तोंडाला लाव, घोट घेतल्यासारखं कर. गरम आहे, फुंक मार. असं. तू गिऱ्हाईक आहेस, कळलं ना? तू गिऱ्हाईक, मी दुकानदार. आता मी तुला काहीतरी सांगणार आणि तू हसायचं. तर काय झालं, एक माणूस एक स्क्रू घ्यायला आला — ऐकलंयस, माहितीये, पुन्हा हस! जरा मोठ्याने, बाबा रे, खांदे हलू देत.

आली बाहेर. पाव घेतलाय. बघतेय. इकडेच बघतेय. गाडीत बसली... नाही. बसली नाही. मागचं दार उघडतेय. टोपी घालतेय तिला.

बस, पुरे. जा आता तू. फावडं ने, ने म्हटलं ना, पैशाचं मग बघू, जा! वाटेत उभा राहू नकोस, तिला रस्ता दे — आणि दार... नको, लावू नकोस. उघडं राहू दे.